पिवळ्या दोऱ्याचं भांडं

पूल अर्धा ओलांडून झाला तेव्हा वहिनीने डबा या हातातून त्या हातात घेतला. हॉस्पिटलच्या फाटकापासून इथवर पाऊण तास झाला असेल, तेवढ्यात तिने केलेली हीच एक हालचाल. तीन बस शेजारून निघून गेल्या. पहिल्या बसला नणंदेने हात केला होता आणि ती थांबलीही होती, पण वहिनी आपली सरळ पुढे चालत राहिली. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "बाई, यायचंय की नुसती ओळख करून घ्यायचीय?" नणंद त्याची माफी मागून वहिनीच्या मागे धावली.

"दे तो डबा इकडे," नणंद आता म्हणाली. "केव्हाचा धरला आहेस. जड झाला असेल."

"जड असणारच. भरलेला आहे, वन्सं."

अकरा दिवस हा डबा सकाळी भरून जायचा आणि दुपारी रिकामा यायचा. नुसता रिकामा नाही, चमच्याने खरवडलेला. दादा आजारी पडल्यापासून दुसऱ्या कशाला तोंड लावत नव्हता. हॉस्पिटलचं जेवण आलं की भिंतीकडे वळायचा आणि हा डबा उघडला की उठून बसायचा. आज डब्याचं झाकण एकदाच उघडलं, आणि ते त्याने नाही उघडलं.

दादा हा नणंदेचा थोरला भाऊ. चाळीस वर्षं किल्ल्या बनवायचं दुकान चालवलं. वहिनी त्याची बायको. आणि नणंद, जिने मागाहून हे सगळं कागदावर उतरवलं, ती त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते. बालवाडीत शिकवून निवृत्त झाली. रोज सकाळी देवाचं नाव घेते, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, आणि खोटं बोलत नाही. घरात तिच्या या खोटं न बोलण्याची थट्टा व्हायची. तिच्या स्वयंपाकाची त्याहून जास्त. दादा म्हणायचा, "हिच्या हातचं खायचं तर आधी विमा उतरवावा."

वहिनीची गोष्ट वेगळी. तिने बावीस वर्षं ह्याच हॉस्पिटलच्या पथ्याच्या स्वयंपाकघरात काढली. तिथे तिला सगळे अळणीबाई म्हणत, कारण दिवसाला शंभर माणसांचं बिनमिठाचं जेवण तिच्या हातून जायचं. हे नाव तिने एकदा हसत हसत घरी सांगितलं आणि पस्तावली. दादाने ते उचललं ते कायमचं. "जगातली सगळी कुलुपं उघडली मी, पण या अळणीबाईच्या मिठाच्या बरणीचं काही उघडेना." पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, दुकानातल्या गिऱ्हाइकासमोर, तेच वाक्य. वहिनी तोंड वाकडं करायची, पण ते वाक्य आलं नाही तर तिलाच चुकल्यासारखं व्हायचं.

त्या स्वयंपाकघरात दोऱ्यांची पद्धत होती. कोणाला काय द्यायचं याची चिठ्ठी आत येत नसे, आली तरी निम्म्या बायकांना वाचता येत नव्हती. म्हणून भांड्यांच्या कानाला रंगीत दोरे बांधलेले असत. पांढरा दोरा म्हणजे हलकं जेवण. लाल म्हणजे साखर नाही. निळा म्हणजे सगळं वाटून पातळ. आणि पिवळा म्हणजे भाजी भरपूर पाण्यात उकळायची, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नव्या पाण्यात उकळायची, तेही ओतून द्यायचं. मग उरेल तो चोथा. कोणाला कुठला रोग आहे हे स्वयंपाकघराला कोणी सांगत नसे, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. रोग डॉक्टरांचा, दोरा बायकांचा.

वहिनीला पिवळ्या दोऱ्यावाल्यांची फार कीव यायची. घरी येऊन सांगायची, "सगळं सत्त्व मोरीत जातं हो. काय पाप केलंय त्या बिचाऱ्यांनी?" एकदा तर तिने ती भाजी वाटीभर घरी आणून दादाला चाखवली. दादाने एक घास खाल्ला आणि वाटी लांब सरकवली. "ही भाजी आहे की धुणं पिळल्यावरचा बोळा?" तेव्हापासून रोज जेवायला बसताना त्याचा ठरलेला प्रश्न, "आज माझ्या ताटाला कुठला दोरा?" आणि तिचं ठरलेलं उत्तर, "तुम्हाला दोरा कसला, दोरखंड!"

पुलाच्या टोकाशी फळवाल्याने गाडीवर कापड ओढून घेतलं होतं. वहिनी तिथे क्षणभर थांबली. नणंदेला वाटलं, बसेल कुठे तरी. पण ती नुसतीच म्हणाली, "पोर हुशार आहे हो ती. माझ्या वेळेला असती तर बरं झालं असतं."

पोर म्हणजे वॉर्डातली डाएटची मुलगी. पंचविशीची, चष्मेवाली, गोड. सकाळी दोघी दादाकडे आत जायच्या आधीच तिने त्यांना वॉर्डाच्या दारात गाठलं होतं. इतके दिवस सगळे हृदयाकडेच बघत होते, बाकीचे रिपोर्ट काल संध्याकाळी आले होते. तिने डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाली, "अय्या, किती छान! काय आहे हे?"

वहिनीला तेवढंच हवं होतं. तिने खुशीत सगळं सांगितलं. इराणी पद्धतीचं सूप आहे. पालक, कोथिंबीर, तिच्यासारखीच दिसणारी विलायती पार्सली, शेपू, कांद्याची पात, सगळं मूठ मूठ. छोले, मसूर, थोड्या लांब शेवया. वरून तेलात परतलेला पुदिना. मीठ चिमूटभर, तेल चमचाभर. डॉक्टरांनीच तर सांगितलं होतं.

"कुठल्या डॉक्टरांनी?"

कोपऱ्यावरच्या. आठ महिन्यांपूर्वी दादाला दम लागायला लागला, चेहरा पांढरा पडला, संध्याकाळी पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाले, रक्त कमी आहे, हिरव्या भाज्या भरपूर द्या. वहिनीने पदर खोचला. ज्या बाईने बावीस वर्षं परक्यांना पथ्याचं घातलं, ती नवऱ्याला घालताना हात आखडता घेईल?

"आणि भाजीचं पाणी? ते काढून टाकता ना?"

"छे छे! सगळं सत्त्व त्यातच तर असतं."

मुलीने पेनाला टोपण लावलं. दोघींना बाहेर बाकावर नेलं आणि हळू आवाजात समजावलं. दादाची मूत्रपिंडं गेली आहेत. रक्त कमी होतं तेही त्यामुळेच. हिरव्या पाल्यात, कडधान्यात एक क्षार असतो. धडधाकट माणसाचं शरीर तो बाहेर टाकतं. ज्याची मूत्रपिंडं चालत नाहीत, त्याच्या रक्तात तो साठत जातो आणि एक दिवस हृदयाचे ठोके चुकवतो. अकरा दिवसांपूर्वी तेच झालं. "म्हणून अशा पेशंटची भाजी दोनदा उकळायची, दोन्ही वेळा पाणी ओतून द्यायचं..."

वहिनीने मान वर केली. "पिवळा दोरा," ती म्हणाली.

"काय आजी?"

त्या पोरीला काय ठाऊक? ती जन्मायच्या आधीच दोरे गेले असतील. आता मशीनमधून चिठ्ठ्या येतात, त्यावर रोगासकट सगळं छापलेलं.

"माझ्या सुपानेच झालं का हे?" वहिनीने विचारलं.

"असं नाही सांगता येत, आजी. मूत्रपिंडं आधीपासूनच खराब असणार. पण..." एवढं बोलून ती थांबली. तो 'पण' हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरून त्यांच्याबरोबर चालत होता, पूल ओलांडून आला होता.

डॉक्टर थोड्या वेळाने आले. रक्त शुद्ध करायचं मशीन असतं, पण दादाच्या हृदयाला ते झेपणार नाही, म्हणाले. दिवस किती हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. जाताना डाएटच्या मुलीने वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. "दुसरं काही खात नसतील तर सूप आणा. पण कडधान्य नको. पाणी दोनदा ओतून, अर्धी वाटी, नुसतं तोंडाला चव म्हणून." तोंडाला चव! दोनदा धुतलेल्या पाल्याला!

त्या आत गेल्या तेव्हा दादा उशीला टेकून दाराकडे बघत होता. "हिरवं नाही आणलंस?" सुपाला घरात हेच नाव होतं.

डबा नणंदेच्या पाठीमागे होता. वहिनी म्हणाली, "सांडलं."

"सांडलं?" दादा हसला, हसताना त्याला धाप लागली. "अळणीबाईच्या हातून? शंभर माणसांचं पातेलं उचललंस तेव्हा थेंब नाही सांडला. काय गं," तो बहिणीकडे वळला, "खरं सांडलं?"

नणंदेने खिडकी उघडायचं निमित्त केलं.

आता रस्ता कारखान्यांच्या मागच्या भिंतीने जात होता. भिंतीच्या सावलीत पायाला जरा बरं वाटत होतं. दोन्ही बायका साठी ओलांडलेल्या, पायात साध्या सपाता. नणंदेच्या टाचेला फोड आला होता, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. शिवाय तिच्या मनातही काही कमी नव्हतं. गेले आठ महिने पहाटे मंडईत जाऊन सगळा पाला तीच निवडून आणत होती. पेंडी जरा मोठी मिळाली की देवाचे आभार मानत होती. एकीने आणलं, दुसरीने शिजवलं, आणि दोघींनी मिळून...

"वन्सं," वहिनी एकदम म्हणाली, "त्या इराणी बाईच्या नवऱ्याला कुठला दोरा होता?"

"मला कसं ठाऊक असेल?"

"नाही, तुम्हाला कसं असेल. मलाच आठवत नाही."

इराणी बाईची गोष्ट नणंदेला तोंडपाठ होती. तीस एक वर्षं झाली असतील. नवरा वॉर्डात, परका मुलूख, परकी भाषा. तो काही खाईना. एक दिवस ती बाई स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी राहिली, ओंजळीत ओला पाला घेऊन, डोळे भरलेले. बाहेरच्या माणसाला आत घ्यायची परवानगी नव्हती. वहिनीने इकडेतिकडे पाहिलं आणि तिला कोपऱ्यातली शेगडी दिली. बाई बोटांनी दाखवायची, किती मुठी, किती वेळ. शेवया मोडायला गेलं की हातावर चापट मारायची, मोडायच्या नाहीत, लांबच टाकायच्या. पुदिना सगळ्यात शेवटी, तेल गॅसवरून उतरवून, नाही तर काळा पडतो. कांदा चिरताना दोघी रडायच्या, आणि मग कांदा संपला तरी ती बाई रडत राहायची. वहिनी आपल्या भाषेत म्हणायची, "खाईल गं, खाईल." ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणायची. भाषेवाचून काही अडलं नाही. आणि तो माणूस खरंच खायला लागला. बारा दिवस. तेराव्या दिवशी ती आली नाही. वॉर्डातला पलंग रिकामा झाला असं कळलं. वहिनीने घरी येऊन आनंदाने सांगितलं होतं, "बरा होऊन घरी गेला!" त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा हिरवं घरी केलं. दादाने तीन वाट्या खाल्ल्या.

"मला कोणी सांगितलं नव्हतं, घरी गेला म्हणून," वहिनी आता म्हणत होती. "पलंग रिकामा झाला एवढंच सांगितलं. घरी गेला हे माझं मीच धरलं. पांढरा असेल ना हो दोरा? पांढराच असेल."

तिने चालता चालता नणंदेच्या तोंडाकडे पाहिलं. एक शब्द हवा होता. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? नणंदेने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, ओठ उघडले आणि पुन्हा मिटले. जे तिला माहीत नव्हतं ते तिच्याने बोलवेना.

"राहू दे," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता कोरडेपणा होता. "तुम्ही नाहीच म्हणायच्या. देव कान उपटेल तुमचे."



घरी पोचल्या तेव्हा उन्हं उतरली होती. तीन जिने चढून वहिनी थेट स्वयंपाकघरात गेली. पाणी प्यायली नाही, बसली नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला सकाळचा पाला काढला आणि विळी घेतली.

"आत्ता कशाला, वहिनी? जरा पड की."

"उद्याचं बघायला नको? हात विसरला असेल."

हात काही विसरला नव्हता. पालक तिने नखाएवढा बारीक चिरला, देठं काढून टाकली. सगळ्यात मोठं पातेलं काठोकाठ पाण्याने भरून गॅसवर ठेवलं. पाणी उकळल्यावर पाला आत टाकला आणि घर त्या वासाने भरून गेलं. कोथिंबिरीचा, शेपूचा, ओल्या मातीसारखा पालकाचा. आठ महिने हा वास आला की दादा आतल्या खोलीतून ओरडायचा, "झालं का?" नणंदेने नकळत आतल्या खोलीकडे पाहिलं. खुंटीवर त्याची दुकानात घालायची टोपी लटकत होती.

वहिनीने चाळण सिंकमध्ये ठेवली आणि पातेलं ओतलं. इतकं हिरवं पाणी! वाफेत तिचा चेहरा दिसेनासा झाला. पाणी गुळगुळत खाली गेलं, सिंकच्या तळाला हिरवी कड राहिली. तिने नवं पाणी ठेवलं, पुन्हा उकळलं, पुन्हा ओतलं. या वेळी पाणी फिकट होतं. चाळणीत पाल्याचा राखेच्या रंगाचा गोळा उरला, मुठीएवढा. एवढ्या चार पेंड्यांचा एवढासा गोळा.

"बावीस वर्षं हे केलं," ती म्हणाली, "एकदासुद्धा विचारलं नाही का ते. एकदा विचारलं असतं. 'अहो, या पिवळ्याचं काय असतं?' एवढंच. जीभ झडली असती का माझी?"

"कोणी सांगितलं असतं का तुला?"

"नसतं सांगितलं. पण मी विचारलं असतं ना!"

नणंदेने कांदा परतून दिला. वहिनीने छोटं पातेलं घेतलं, त्यात गोळा मोकळा केला, थोडं पाणी, चार शेवया न मोडता. छोले नाहीत, मसूर नाही. तेल गॅसवरून उतरवून चिमूटभर पुदिना टाकला, तो चुर्र करून फुलला. तेवढाच काय तो वास.

तिने चमचाभर फुंकून नणंदेपुढे धरलं. "सांगा."

नणंदेने चाखलं. पुदिना जिभेवर येऊन गेला आणि मागे गरम पाणी उरलं. "चव नाही," ती म्हणाली.

"खरं बोललात." वहिनीने मान हलवली, जणू हेच उत्तर हवं होतं. मग दारापाशी ठेवलेला सकाळचा डबा उचलला. झाकण उघडलं. आतलं सूप घट्ट झालं होतं, वर पुदिन्याचा तवंग. क्षणभर ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिने सगळा डबा सिंकमध्ये उपडा केला.

"वहिनी, अगं हे काय!"

"सांडलं म्हणून सांगितलंय त्यांना. तेवढं तरी खरं होऊ दे."

तिने डबा घासला. आतून, बाहेरून, झाकणाची खाच काडीने कोरून. पुसून ओट्यावर पालथा घातला. मग पहिल्यांदा खाली बसली, स्टुलावर, हात मांडीवर टाकून. हाताला पाल्याचा वास येत असणार. तिने ते हुंगले नाहीत.

"त्यांना एका घासात कळेल," ती म्हणाली. "तो धुण्याचा बोळा त्यांच्या अजून लक्षात आहे. चाखतील आणि विचारतील, आज माझ्या ताटाला पिवळा दोरा का गं? मग पुढचं त्यांना सांगावं लागणार नाही. किल्ल्या करणारा माणूस आहे तो, किल्लीचा एक दात दिसला की बाकीचे बसवतो. आठ महिने दोन्ही वेळा हिच्या हातचं खाल्लं, हे त्यांचं तेच जुळवतील. रागावणार नाहीत हो. तेच तर नको आहे. माझी समजूत काढत बसतील, धाप लागत असताना. आणि न खाताच जातील."

नणंद ओट्याला टेकून उभी होती. "मग नको नेऊ या," ती म्हणाली. "दुसरं काही करू."

"दुसरं खात नाहीत ते. हिरवं हवंय त्यांना. आज किती वेळ दाराकडे बघत होते, पाहिलं नाहीत?" वहिनीने मान वर केली. डोळे कोरडे होते, पण चेहरा दिवसभरात दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. "तुमच्या हाताला चव नाही हे जगाला ठाऊक आहे. रागावू नका, पण आहे ते आहे. आणि तुम्ही खोटं बोलत नाही हेही त्यांना ठाऊक आहे. तुमच्या तोंडून आलं की ते दुसरा प्रश्न विचारणार नाहीत. विम्याचा विनोद करतील आणि खातील. म्हणून म्हणते, वन्सं, उद्यापासून डबा तुम्ही घेऊन जा. मी खाली फाटकाशी थांबेन, आत येणार नाही, माझं तोंड त्यांना वाचता येतं. गुडघा धरलाय म्हणा, माझं काहीही सांगा. आणि त्यांनी तोंड वाकडं केलं ना, की म्हणा, मी केलंय. एवढं माझ्यासाठी म्हणा."